कबुली सक्तीची आहे का? अँग्लो-कॅथलिक मंडळीतील साध्या विश्वासणाऱ्याचा नेम

प्रश्न विचारणारी बहीण नगरच्या जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत वाढलेली असून तीन वर्षांपासून इंग्लंडमध्ये परिचारिका म्हणून नोकरी करते. घराजवळचे चर्च 'चर्च ऑफ इंग्लंड'चेच आहे, म्हणजे आपल्यासारखेच प्रॉटेस्टंट, अशा समजुतीने ती तेथे जाऊ लागली. पण तेथे धूप जळतो, वेदीच्या बाजूला एक दिवा रात्रंदिवस तेवतो, पाळकांना सगळे 'फादर' म्हणतात, रविवारच्या उपासनेला 'मास' म्हणतात, आणि यंदा लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या तोंडावर दाराशी कबुलीच्या, म्हणजे पाळकापाशी खासगीत आपली पापे सांगण्याच्या, वेळांचा कागद लागला. आईने फोनवर विचारले, "तू रोमन झालीस काय गं?" आणि तिला उत्तर देता आले नाही. तिला चार गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: हे रोमन आहे का, कबुली द्यावीच लागते का, मरीयेला प्रार्थना करणे चालते का, आणि बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्या बाईने घरी नेमके काय पाळावे.

मी चौतीस वर्षे पाळक म्हणून सेवा केली. त्यांतली निम्मी महाराष्ट्रात आणि निम्मी इंग्लंडमधल्या अशाच मंडळ्यांत गेली. त्यामुळे तुमच्या आईंचा प्रश्न मी दोन्ही बाजूंनी ऐकलेला आहे.

तुमची मंडळी रोमन नाही. ती पोपच्या अधिकाराखाली नाही, तिचे बिशप चर्च ऑफ इंग्लंडचे प्रमुख धर्माधिकारी असलेल्या कँटरबरीच्या आर्चबिशपांशी सहभागितेत आहेत, आणि 1896 साली पोप तेरावे लिओ यांनी अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, पाळकांच्या दीक्षा निरर्थक आहेत असा निर्णय दिल्यापासून रोमची अधिकृत भूमिकाही तीच राहिली आहे. तुमच्या फादरना रोम धर्मगुरू मानीत नाही, तरीही ते स्वतःला कॅथलिक म्हणवतात; अशांनाच 'अँग्लो-कॅथलिक' म्हणतात. हा विरोधाभास कोठून आला हे समजल्याशिवाय धूप, दिवा आणि कबुली यांपैकी कशाचाच अर्थ लागत नाही.

14 जुलै 1833 रोजी ऑक्सफर्डच्या सेंट मेरी चर्चमध्ये जॉन कीबल या पाळकांनी एक प्रवचन केले. निमित्त राजकीय होते. आयर्लंडमधील काही बिशपांची पदे सरकार कायद्याने रद्द करू पाहत होते. चर्च हे सरकारचे खाते आहे काय, आणि नसेल तर त्याचा अधिकार येतो कोठून, असा कीबल यांचा सवाल होता. त्यांच्या मित्रांनी उत्तर दिले, की तो अधिकार पार्लमेंटकडून येत नाही, तो प्रेषितांपासून डोक्यावर हात ठेवून दीक्षा देत चालत आलेल्या बिशपांच्या परंपरेतून येतो. पुढच्या आठ वर्षांत या मंडळींनी नव्वद पत्रके काढली. नव्वदावे जॉन हेन्री न्यूमन यांचे होते. चर्च ऑफ इंग्लंडची एकोणचाळीस धर्मकलमे कॅथलिक अर्थानेही वाचता येतात असे त्यांनी त्यात मांडले, गदारोळ उठला, आणि 1845 मध्ये ते स्वतः रोमन झाले. कीबल आणि त्यांचे सहकारी एडवर्ड पुसी मात्र होते तेथेच राहिले. लोक न्यूमनची गोष्ट सांगतात, पण तुम्ही ज्या मंडळीत बसता ती या मागे राहिलेल्या दोघांची आहे.

या पहिल्या पिढीला धुपाचे किंवा भरजरी वस्त्रांचे फारसे अगत्य नव्हते. त्यांना हवे होते ते सगळे चर्च ऑफ इंग्लंडच्या 1662 च्या प्रार्थनापुस्तकात छापलेलेच होते, फक्त कोणी पाळत नव्हते. पाळकाने रोज सकाळ-संध्याकाळ घंटा वाजवून प्रार्थना करावी असे त्यात लिहिले आहे. वर्षातले सगळे शुक्रवार, नाताळ त्या दिवशी आला नाही तर, संयमाचे दिवस म्हणून त्यात छापले आहेत. प्रत्येकाने वर्षातून किमान तीनदा प्रभुभोजन घ्यावे, त्यांतले एक ईस्टरचे असावे, हा किमान नेमही त्यात आहे, आणि खेड्यापाड्यांतल्या कित्येक चर्चांत या किमानालाच लोक पुरेसे समजत होते. छापलेले पाळा, एवढाच मूळ आग्रह होता. आपल्याकडे वारकऱ्याच्या तोंडी 'नेम' हा शब्द ज्या अर्थाने येतो, म्हणजे मन लागो न लागो, चुकवायचा नाही असे ठरवलेले थोडेसे, त्याच अर्थाने या परंपरेचा गाभा मी 'नेम' या शब्दाने सांगतो. बाकीचे नंतर आले.

नंतर आलेले म्हणजे विधी: मेणबत्त्या, धूप, वेदीकडे तोंड करून उभे राहणे, द्राक्षारसात पाणी मिसळणे, खमीर नसलेली पातळ भाकर. हे रुजले ते बरेचसे लंडनच्या गोदीजवळच्या आणि कारखान्यांच्या शहरांतल्या गरीब वस्त्यांत. जेथे माणसाला वाचता येत नव्हते तेथे डोळ्यांना, नाकाला आणि गुडघ्यांना काहीतरी सांगणे भाग होते. 1874 मध्ये पार्लमेंटने हे विधी दाबण्यासाठी कायदा केला आणि त्यापायी पाच पाळक तुरुंगात गेले. मँचेस्टरजवळचे सिडनी ग्रीन तर जवळजवळ वीस महिने आत होते. मेणबत्तीसाठी तुरुंग हे आज हास्यास्पद वाटते, पण त्यांच्या वस्तीतल्या लोकांना ते तसे वाटले नाही.

तुमच्या व्यवसायापुरती एक गोष्ट येथेच सांगतो. 1854 मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाच्या युद्धासाठी 38 परिचारिकांना घेऊन निघाल्या, तेव्हा त्यांतल्या आठ जणी अँग्लो-कॅथलिक भगिनीसंघाच्या होत्या. 1866 च्या कॉलऱ्यात लंडनच्या गोदीत चार्ल्स लाउडर हे पाळक आजारी मुलांना स्वतः उचलून नेत, आणि वस्तीतले लोक त्यांना 'फादर' म्हणू लागले. तुमच्या आईंना खटकलेले संबोधन त्या काळात, त्या गल्ल्यांतून रूढ झाले.

त्यांना हेही सांगा की ही परंपरा पुण्याला नवी नाही. ऑक्सफर्डजवळच्या कौली येथे 1866 मध्ये रिचर्ड बेन्सन यांनी स्थापन केलेल्या संघाचे फादर आणि इंग्लंडमधल्याच वाँटेजच्या भगिनीसंघाच्या भगिनी 1870 च्या दशकात पुण्यात आल्या. गुरुवार पेठेतल्या पंचहौदाजवळचे पवित्र नाम देवालय, त्याचा बाजूला उभा असलेला उंच मनोरा आणि त्यातल्या आठ घंटा हे सगळे त्यांचेच काम आहे. सर्वसाधारण पुणेकराला 'पंचहौद' म्हटले की 1890 चा चहा आठवतो. त्या चहापायी टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांना प्रायश्चित्ताचा वाद सोसावा लागला, आणि ज्यांच्या घरचा तो चहा होता त्यांचा पंथ कोणता हे कोणी विचारीत नाही. तो पंथ हाच. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा पंचहौदाची परंपरा आणि तुमच्या नगरची परंपरा एकाच मंडळीत आल्या. म्हणजे कागदोपत्री तुमच्या आई पन्नासहून अधिक वर्षे या लोकांच्या सहभागितेत आहेत.

आता तो दिवा. त्याच्याजवळच्या पेटीत पवित्र केलेली भाकर जपून ठेवलेली असते. ती मुळात आजाऱ्यांसाठी असते. तुमच्या रुग्णालयात रात्री दोन वाजता कोणी मरणाच्या दारात असेल आणि चॅप्लेन, म्हणजे रुग्णालयाचे पाळक, प्रभुभोजन घेऊन आले, तर ते बहुधा अशाच पेटीतून आणलेले असते. भाकरीत ख्रिस्त खरोखर उपस्थित आहे असे ही परंपरा मानते, म्हणून पेटीसमोरून जाताना लोक उजवा गुडघा टेकतात. ही उपस्थिती नेमकी कशी, याचा उलगडा मात्र ती करीत बसत नाही. भाकरीचे मूलद्रव्यच पालटते हा रोमन सिद्धांत अठ्ठाविसावे धर्मकलम नाकारते, पण तेच कलम ख्रिस्ताचे शरीर 'दिले, घेतले आणि खाल्ले जाते' असेही म्हणते, फक्त स्वर्गीय व आत्मिक रीतीने. पुसी यांनी 1843 मध्ये या विषयावर प्रवचन केले आणि विद्यापीठाने त्यांना दोन वर्षे प्रवचनबंदी केली.

भाकर हातावर ठेवताना पाळक जुन्या पुस्तकातले जे वाक्य म्हणतात ते नीट ऐका. त्याचे दोन भाग आहेत. 'तुझ्याकरिता दिलेले आपल्या प्रभू येशू ख्रिस्ताचे शरीर' हा पहिला भाग 1549 च्या पुस्तकातला. 'ख्रिस्त तुझ्याकरिता मरण पावला याच्या स्मरणार्थ हे घे व खा' हा दुसरा 1552 चा, जेव्हा सुधारणावाद्यांनी पहिला भाग काढून टाकला होता. 1559 मध्ये दोन्ही एकामागून एक जोडले गेले. राणी पहिल्या एलिझाबेथच्या काळातली ती तडजोड म्हणा हवे तर. तुमच्या आई दुसऱ्या अर्ध्यावर वाढल्या आणि तुमच्या फादरांचा भर पहिल्या अर्ध्यावर आहे, पण ओठांवर येते ते पूर्ण वाक्य. गुडघा टेकणे मनाला पटत नसेल तर मान लववा; त्यावरून तुम्हाला कोणी टोकणार नाही, आणि टोकले तर चूक टोकणाऱ्याची समजा.

कबुलीविषयी मी थोडे सविस्तर लिहितो, कारण माणसे अडखळतात ती येथेच.

ती सक्तीची नाही. अँग्लिकन लोकांत याविषयी एक जुने वचन चालत आले आहे: सर्वांना मुभा, सक्ती कोणालाच नाही, काहींनी मात्र अवश्य करावी. रविवारच्या उपासनेत सगळे मिळून जी पापकबुली म्हणतात आणि पाळक जी क्षमा उच्चारतात, ती खरी आणि पुरेशी आहे. खासगी कबुलीला आधार नाही असेही नाही. योहान 20:23 मध्ये पुनरुत्थित प्रभू शिष्यांना पापांच्या क्षमेचा अधिकार देतो. 1662 च्या पुस्तकातल्या प्रभुभोजनाच्या बोधवचनात, ज्याचे मन स्वतःच्या प्रयत्नाने शांत होत नाही त्याने सुज्ञ व विद्वान सेवकाकडे येऊन आपले दुःख उघड करावे, असे स्पष्ट लिहिले आहे. आजाऱ्याच्या भेटीच्या विधीत तर पाळक 'मी तुला मुक्त करतो' असे थेट म्हणतो. यांतले काहीही रोमहून आणलेले नाही. जुन्या अँग्लिकन मिशनच्या घरातल्या कपाटात प्रार्थनापुस्तक सापडले तर त्यातही हे असणार.

प्रत्यक्षात काय घडते ते सांगतो, म्हणजे भीती कमी होईल. बहुतेक अँग्लिकन चर्चांत पेटीसारखे लाकडी खोपटे नसते. बाजूच्या छोट्या वेदीजवळ पाळक खुर्चीत बसलेले असतात, गळ्यात जांभळा पट्टा असतो, आणि त्यांचे तोंड तुमच्याकडे नसून समोरच्या भिंतीकडे असते. तुम्ही त्यांच्या बाजूला, कानाशी येईल अशा अंतरावर गुडघे टेकता. एक छापील कार्ड असते. 'मी सर्वसमर्थ देवापुढे कबूल करते' येथून सुरुवात होते, मध्ये मोकळी जागा असते, तेथे तुम्ही आपली पापे सांगता, आणि शेवटी 'ही आणि मला आता न आठवणारी सर्व पापे यांबद्दल मला मनापासून दुःख होते' असे म्हणून बोध, प्रायश्चित्त आणि क्षमा मागता. पाळक दोन-चार वाक्ये बोलतात, प्रायश्चित्त म्हणून बहुधा एखादे स्तोत्र किंवा प्रार्थना सांगतात, आणि क्षमावचन उच्चारतात. शेवटी ते म्हणतात, 'शांतीने जा, प्रभूने तुझी पापे दूर केली आहेत, आणि माझ्यासाठीही प्रार्थना कर, कारण मीही पापी आहे.' सगळे मिळून दहा मिनिटे लागतात.

तयारीला कागद घ्या. दहा आज्ञा समोर ठेवा, किंवा अधिक सोपे म्हणजे घर, काम, पैसा, शरीर आणि प्रार्थना अशा पाच जागा डोळ्यांपुढे आणा आणि प्रत्येक ठिकाणी आपण काय केले ते लिहा. केलेले लिहा, वाटलेले नव्हे. 'माझा स्वभाव रागीट आहे' ही कबुली होत नाही. 'पाळी संपताना नव्या मुलीला सगळ्यांसमोर अपमानित केले, आणि हे तीनदा झाले' ही कबुली आहे. दुसऱ्याची नावे घेऊ नका, त्यांची पापे तर मुळीच सांगू नका. मुंबई-पुण्यात काय आणि इंग्लंडमध्ये काय, कबुलीला आलेल्या निम्म्या माणसांना आपल्या सासूची किंवा वरिष्ठांची कबुली द्यायची असते. काम झाल्यावर कागद फाडून टाका, पर्समध्ये ठेवू नका.

माझी पहिली कबुली बाविसाव्या वर्षी झाली. मी तीन पाने लिहून नेली होती. सदऱ्याच्या खिशात घामाने शाई पसरली होती आणि दुसऱ्या पानावर मला माझेच अक्षर लागेना. म्हातारे फादर थांबले, आणि त्यांनी एकच विचारले: "यातले कोणते सांगायला तू इतक्या लांब आलास?" ते तिसऱ्या पानावर, अगदी तळाशी होते. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी मला 103 वे स्तोत्र एकदा वाचायला सांगितले. पुढे मी स्वतः त्या खुर्चीत बसू लागलो, तेव्हा आरंभीची दोन वर्षे मी फार बोलत असे, सल्ले देत असे. एक बाई एकदा आली आणि परत कधी आली नाही. क्षमा हवी असलेल्या माणसाला मी अर्धा तास उपदेश केला होता, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. तुमचे फादर फार बोलले तर तुम्ही दुसऱ्यांकडे जाऊ शकता. आपल्याच मंडळीच्या पाळकांकडे कबुली द्यावी असा नियम नाही, आणि रोजची ओळख असेल तर कित्येकदा परक्याकडे जाणेच बरे.

गोपनीयतेविषयी एक तुलना करतो. तुमच्या रुग्णालयात रुग्णाची माहिती गोपनीय असते, पण ती नोंदली जाते आणि काही प्रसंगी सांगावीही लागते. कबुली नोंदलीच जात नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या जुन्या नियमावलीतील 113 व्या नियमाने पाळकाला ती उघड करण्यास मनाई केली आहे, आणि त्या नियमावलीतला बाकीचा बहुतेक भाग रद्द झाला तरी एवढे वाक्य अजून जागेवर आहे. पाळक बाहेर भेटल्यावर तुमच्यापाशीही तो विषय काढत नाही. मुलांवरील अत्याचारांच्या चौकश्यांनंतर इंग्लंडमध्ये या गोपनीयतेवर गंभीर वाद चालू आहे आणि तो योग्यच आहे. असा गुन्हा कबूल करणाऱ्याने पोलिसांकडे गेल्याशिवाय त्याला क्षमा उच्चारायची नाही, हा माझा स्वतःचा नेहमीचा नियम होता.

या सगळ्याला पंडिता रमाबाईंचा आक्षेप आहे, आणि तो लपवून तुम्हाला उत्तर देणे प्रामाणिक होणार नाही. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेजच्या याच भगिनींकडे रमाबाईंचा आणि त्यांची मुलगी मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला. पण दोन वर्षांच्या आतच त्यांचा आणि त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांचा पत्रांतून कडाक्याचा वाद झाला. पुरोहितांच्या सत्तेचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यावर तसेच दुसरे जोखड आपण मानेवर घेणार नाही, असा रमाबाईंचा रोख होता. मी सिस्टरांच्या परंपरेतला माणूस, पण ती पत्रे वाचताना मला नेहमी रमाबाईंची बाजू अधिक भक्कम वाटली आहे. कबुली ऐकणारा पाळक तुमच्या आयुष्याचा मुकादम होऊ लागला, लग्न, नोकरी, पैसे यांत हुकूम देऊ लागला, तर उठून निघून यायचे. त्याचा अधिकार क्षमावचनापुरता आहे.

दुसरा धोका उलट टोकाचा आहे. काही माणसांचे मन कबुलीने शांत होत नाही, उलट अधिक पोखरले जाते. काल सांगितलेले नीट सांगितले का, या शंकेने ती परत येतात. नीलकंठशास्त्री गोरे, म्हणजे फादर नेहेमिया गोरे, यांच्या लेखनाने रमाबाईंची श्रद्धा पक्की व्हायला मदत झाली होती. स्वतः ते मात्र कौलीच्या संघात उमेदवार म्हणून राहिले आणि शंकाकुल मनामुळे कायमची व्रते त्यांनी कधी घेतली नाहीत. इतका विद्वान आणि इतका भक्तिमान माणूस, तरी त्याची शंका फिटली नाही. तुमचा स्वभाव तसा असेल तर वर्षातून दोनदा, नाताळापूर्वी आणि ईस्टरपूर्वी, एवढीच कबुली द्या, आणि पाळकांना आधीच सांगून ठेवा की तुम्हाला शंका काढण्याची खोड आहे.

मरीयेविषयी थोडक्यात सांगतो, कारण या बाबतीत तुमच्याच मंडळीत एकमत नसेल. बाविसावे धर्मकलम संतांचा धावा करण्याच्या रोमन शिकवणुकीला निराधार म्हणते. अँग्लो-कॅथलिक त्यावर म्हणतात की पूजा देवाची, आणि मरीयेला विनंती फक्त 'आमच्यासाठी प्रार्थना कर' एवढीच, जशी आपण शेजारच्या आजीला करतो. हे पटणारे पुष्कळ आहेत. 1922 मध्ये नॉरफोकमधल्या वॉल्सिंगहॅम येथे मरीयेचे जुने तीर्थस्थान पुन्हा उभे राहिले आणि आज तेथे हजारो अँग्लिकन जातात. ज्यांना पटत नाही तेही याच मंडळीत बसतात. तुम्हाला जपमाळ ओढणे जड जात असेल तर ओढू नका. रोजच्या सायंप्रार्थनेत मरीयेचे गीत आहेच, 'सर्व पिढ्या मला धन्य म्हणतील' हे शब्द त्यातलेच. ते म्हटले की मरीयेचा मान राखला गेला. मृतांसाठी प्रार्थनेचेही असेच आहे. पहिल्या महायुद्धात घरोघरची मुले गेली, तेव्हा ती प्रथा वाद घालणाऱ्यांच्या डोक्यावरून सामान्य लोकांत पसरली. 2 नोव्हेंबरला वडिलांचे नाव यादीत द्यावेसे वाटले तर द्या.

आता तुमचा घरचा नेम. पाळीची नोकरी करणाऱ्या माणसाला मी कधीही लांबलचक नेम सांगत नाही, कारण तो दुसऱ्या आठवड्यात मोडतो आणि मग माणूस अपराधी वाटून सगळेच सोडतो.

रोज एक स्तोत्र वाचा. जुन्या प्रार्थनापुस्तकात स्तोत्रसंहिता महिन्याच्या तीस दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटून दिलेली आहे. तारीख बघायची आणि त्या दिवसाचे वाचायचे. तुम्ही त्या दिवसाच्या वाट्यातले पहिले एकच घ्या, आपल्या मराठी बायबलातून, मोठ्याने, बसच्या थांब्यावर असाल तर ओठ हलवून. मनाला आवडणारे स्तोत्र निवडत बसायचे नाही, हाच यातला मुद्दा आहे. आनंदात असताना विलापाचे स्तोत्र आले तर ज्याच्यावर ती वेळ आली आहे त्याच्या वतीने म्हणायचे. तुमच्या वॉर्डात असा कोणीतरी असतोच. पंधराव्या तारखेच्या संध्याकाळच्या वाट्याला एकटे 78 वे स्तोत्र येते, सत्तरहून अधिक ओव्यांचे. त्या दिवशी बारा तासांची पाळी असेल तर अर्धे वाचा, देव रागावणार नाही.

रात्री, किंवा रात्रपाळी असेल तर सकाळी, झोपण्यापूर्वी दोन मिनिटे दिवस आठवा. एका गोष्टीचे उपकार माना, एका गोष्टीची क्षमा मागा, आणि प्रभूची प्रार्थना म्हणा. हे कबुलीची तयारीही आहे आणि कबुली द्यायची नसेल तर तिच्या जागी पुरेसेही आहे.

शुक्रवारी मांस टाळा. येथे आपल्या लोकांची एक गंमत सांगायला हवी. इंग्रज माणूस शुक्रवारी मासा खातो तो एकेकाळी साधे जेवण म्हणून. आपण त्याचे पाहून शुक्रवारी तळलेले पापलेट आणि सोलकढी घेऊन बसलो, तर तो सण झाला. साधी डाळ-भाकरी खा आणि वाचलेले पैसे कोणाला तरी द्या. प्रभुभोजनापूर्वी मध्यरात्रीपासून काही न खाण्याची जुनी रीत तुमच्या मंडळीत काही जण पाळत असतील, तर पाळू द्या. रात्रपाळी करून आलेल्या, गाडी चालवणाऱ्या आणि औषधे घेणाऱ्या माणसाने ती पाळू नये. उपाशीपोटी चक्कर येऊन वेदीसमोर पडलेले तिघे तरी मी उचलले आहेत, आणि त्यांपैकी एकाच्याही भक्तीत त्यामुळे भर पडल्याचे मला दिसले नाही.

रविवारी पाळी आली तर आठवड्यातल्या मधल्या दिवशीच्या मासला जा. अशा चर्चांत ती बहुधा असते, अर्ध्या तासात संपते, धूप नसतो, पाच-सहा म्हाताऱ्या असतात. तेथे एक-दोन महिने बसल्यावर या परंपरेची ओळख रविवारच्या थाटामाटापेक्षा अधिक चांगली होईल.

लेंट संपेपर्यंत एवढेच करा. दाराशी लागलेल्या वेळांपैकी शेवटची वेळ ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात असेल. तोपर्यंत कागद लिहावासा वाटला तर लिहा आणि जा, नाही वाटला तर ईस्टरचे प्रभुभोजन निःशंक मनाने घ्या. आणि आईंशी फोनवर वाद घालण्याऐवजी एखाद्या रविवारी संध्याकाळी दोघींनी मिळून लूकच्या पहिल्या अध्यायातल्या 46 व्या ओवीपासून 55 व्या ओवीपर्यंत वाचा, एक ओवी तुम्ही, एक त्यांनी. त्यांना ते तोंडपाठ असण्याचाच संभव अधिक. तुमच्या चर्चमध्ये रोज संध्याकाळी नेमके हेच म्हणतात, हे त्यांना वाचून झाल्यावर सांगा.